भर कशाची, सरस कशाचा?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत डिझाइनच्या प्रदर्शनांत वस्तूंची एक नवी जात पाहायला मिळते. मिठाचे स्टूल, मक्याच्या सालींचे टेबल, अननसाच्या पानांची पर्स, अळंबीच्या विटांचा मनोरा. मिलान, लंडन, न्यूयॉर्क इथे ह्या वस्तू मांडल्या जातात, त्यांची छायाचित्रे शुक्रवारच्या पुरवण्यांत येतात, आणि आपली नातवंडे मोबाइल पुढे करून सांगतात, "सावता, बघ, कचऱ्यापासून केलंय!"

कौतुक करावे असे त्यांत पुष्कळ आहे आणि पुढे मी ते करणारही आहे. पण जन्मभर वह्या तपासलेल्या बाईची नजर आधी उत्तरात काय गाळले आहे तिकडे जाते. वस्तूशेजारच्या पाटीवर ती कोणत्या टाकाऊ पदार्थाची आहे हे ठळक लिहिलेले असते. तो पदार्थ एकत्र कशाने धरला आहे, हे बहुधा लिहिलेले नसते.

मक्याची साल किंवा लाकडाचा भुसा आपण होऊन टेबल होत नाही. अशा प्रत्येक वस्तूत दोन गोष्टी असतात. एक भर, आणि दुसरी ती भर धरून ठेवणारी. हिब्रूत तिला आपण देवेक म्हणतो, मराठीत सुतार तिला सरस म्हणतो. जाहिरात होते ती भरीची. पण वस्तू किती टिकेल, मोडली तर दुरुस्त होईल का, शेवटी मातीत जाईल की शंभर वर्षे तशीच पडून राहील, हे बरेचसे सरस ठरवतो. म्हणून ह्या लेखात काही नामांकित कामे मी एकाच प्रश्नाने तपासणार आहे. भर कशाची ते कळले, सरस कशाचा?

हा प्रश्न कुलाबा जिल्ह्यात वाढलेल्या वाचकांना समजावून सांगावा लागणार नाही. टाकाऊ वस्तू धरून ठेवण्याच्या तीन रीती आपण लहानपणी घरात पाहिल्या आहेत. पहिली पिळाची. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात कुजवायची, बडवून काथ्या सुटा करायचा आणि हातावर वळून त्याचा सुंभ करायचा. त्यात काही चिकटवलेले नसते, पीळच सगळे धरतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण उगाच आलेली नाही. दुसरी रीत टाक्याची. जुनी लुगडी एकावर एक घालून धावदोरा घातला की गोधडी झाली. फाटली तर टाके उसवून पुन्हा शिवता येते. तिसरी रीत सरसाची. सुताराचा सरस म्हणजे जनावरांची हाडे आणि कातडी उकळून केलेला डिंक. तोसुद्धा गरम पाण्याने मऊ होतो, म्हणून जुन्या खुर्चीचा सांधा सोडवून पुन्हा बसवता येतो.

पूर्वीचे सारे चांगले असे मला म्हणायचे नाही. सुंभ खाजतो. शेणाने सारवलेली जमीन पुन्हा पुन्हा सारवावी लागते, आणि ते काम कुणाच्या वाट्याला येत असे हे आपण जाणतो. मला एवढेच दाखवायचे आहे की ह्या तिन्ही रीतींत धरलेले पुन्हा सोडता येत होते. आज त्याच काथ्यावर रबराचा चीक मारून गाद्या करतात. गादी अंगाला चांगली लागते, पण जुनी झाल्यावर काथ्या आणि रबर वेगळे काढणे जवळजवळ अशक्य असते. भर तीच राहिली, सरस बदलला, आणि वस्तूचा शेवटही बदलला.

आता अननसाच्या पानांकडे येऊ. कार्मेन इहोसा ही मूळची स्पेनची बाई चामड्याच्या धंद्याची सल्लागार म्हणून फिलिपाइन्सला गेली. तिथला चामडे कमावण्याचा प्रकार पाहून ती अस्वस्थ झाली आणि चामड्याला पर्याय शोधू लागली. फळ काढल्यावर शेतात उरणाऱ्या अननसाच्या पानांतून धागा काढायचा आणि त्याचे नमद्यासारखे कापड करायचे, ही तिची कल्पना. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये तिने त्यावर संशोधन केले आणि 'पिन्याटेक्स' ह्या नावाने ते बाजारात आणले. शेतकऱ्याला पानांचेही पैसे मिळू लागले. हे काम खरे आहे, मेहनतीचे आहे.

पण नुसत्या अननसाच्या धाग्याचा नमदा पर्स व्हायला पुरत नाही. त्यात मक्यापासून केलेला पॉलिलॅक्टिक आम्लाचा धागा मिसळावा लागतो आणि वर राळेसारख्या रसायनाचा थर द्यावा लागतो. ह्या थराने पाणी आत जात नाही, आणि ह्याच थरामुळे ती पर्स परसातल्या खड्ड्यात घातली तर पानासारखी कुजत नाही. निवडुंगापासून केलेल्या मेक्सिकोच्या चामड्याचेही तेच. जाहिरातीत हिरवा निवडुंग दिसतो, कापडात पॉलियुरेथेन हे प्लास्टिकही असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ते असे.

गंमत अशी की त्याच फिलिपाइन्समध्ये अननसाच्या पानांचे दुसरे एक कापड शतकानुशतके विणले जात आहे. त्याला पिन्या म्हणतात. पानातला तंतू खरवडून काढायचा, एकेका तंतूला गाठ मारून लांब धागा करायचा आणि हातमागावर विणायचा. अकलान प्रांतातल्या ह्या विणकामाची २०२३ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. तिथे सरसाचे काम गाठ करते. पिन्याची पर्स पावसात टिकणार नाही आणि ती स्वस्तही नसते, हे मान्य. पण दोन्ही कापडे शेजारी ठेवली की अननस कुठे संपतो आणि कारखाना कुठे सुरू होतो ते स्पष्ट दिसते. पिन्याटेक्सच्या पर्सवरही ते तितकेच स्पष्ट लिहिलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे.

मेक्सिकोचाच फर्नांदो लापोसे ह्याचे 'तोतोमोश्त्ले' हे काम ह्या कसोटीवर उतरत नाही, तरी मला ते वरच्या पायरीवर ठेवावेसे वाटते. तोतोमोश्त्ले म्हणजे मक्याच्या कणसाची साल. मेक्सिकोत देशी मक्याच्या साली पांढऱ्याच नव्हे, तर तांबड्या आणि गडद जांभळ्याही असतात. त्या सपाट करायच्या, इस्त्री करायची, मागे अस्तर चिकटवायचे आणि तुकडे कापून सांधेकाम करायचे. टेबलावर, भिंतीवर ते फार देखणे दिसते. साल अस्तराला चिकटवावी लागते, म्हणजे इथेही सरस आलाच.

मग वरची पायरी कशासाठी? कारण इथे भर काय आहे ते नीट पाहायला हवे. मक्याची साल मेक्सिकोत कधीच कचरा नव्हती, तिथल्या बायका तिच्यात पीठ गुंडाळून तामाल उकडतात. कचरा होत चालले होते ते देशी बियाणेच. संकरित बियाणे आणि परदेशचा स्वस्त मका आल्यावर पुएब्ला राज्यातल्या तोनावीश्त्ला गावी देशी मका पिकवणे परवडेना, तरुण माणसे गाव सोडून गेली. बीजपेढीतून जुनी वाणे परत आणून गावकऱ्यांनी ती पेरली, आणि रंगीत साल विकली जाऊ लागल्याने ती पेरण्याला कारण मिळाले. टेबल हे ह्या कामाचे फळ नव्हे, निमित्त आहे. अशा ठिकाणी थोड्या डिंकाचा दोष मी मोठा मानणार नाही.

ह्यावरून 'टाकाऊ' ह्या शब्दाविषयीही थोडे बोलायला हवे. आपले पूर्वज कोकणात घाणा चालवीत. घाण्यातून तेल निघे आणि मागे पेंड राही. पेंडीला शनवार तेल्याने कचरा म्हटले नाही, कारण तिचे गिऱ्हाईक ठरलेले होते. ती गुरांना जाई. टाकाऊपणा पदार्थात नसतो, त्याला गिऱ्हाईक आहे की नाही ह्यात असतो. डिझाइनर नवे गिऱ्हाईक आणतो तेव्हा जुन्या गिऱ्हाइकाचे काय होते, हेही कोणीतरी विचारले पाहिजे. पेंडीच्या खुर्च्या होऊ लागल्या तर म्हशीने काय खावे?

सरसाचाच प्रश्न ज्यांनी उघडपणे हातात घेतला, असे एक काम म्हणजे 'बोतानिका'. सिमोने फारेझिन आणि आंद्रेआ त्रिमार्की ह्या दोन इटालियन डिझाइनरांची फोर्माफांतास्मा नावाची जोडी आहे. नेपल्सच्या एका प्रतिष्ठानासाठी २०११ साली त्यांनी ही भांडी केली. खनिज तेलातून प्लास्टिक आलेच नसते तर आपण काय वापरले असते, असा विचार करून त्यांनी जुनी पुस्तके चाळली आणि राळ, कोपाल, लाख अशा झाडांच्या व किड्यांच्या चिकांकडे वळले. लाकडाचा भुसा आणि जनावराचे रक्त दाबून केलेला 'ब्वा द्युर्सी' हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच पदार्थही त्यांनी पुन्हा करून पाहिला.

त्यातली लाख आपल्या ओळखीची. पाकिटावरची मोहोर, लाखेच्या बांगड्या, आणि घरोघरच्या ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या. हातातून पडली की तबकडीचे दोन तुकडे होत, ते ह्या लाखेमुळे. आजही जगाची बरीचशी लाख भारतातूनच जाते. बोतानिकाची भांडी तपकिरी, मधाच्या रंगाची आहेत, खोदकामात सापडल्यासारखी दिसतात. मला ती आवडतात, कारण त्यांत सरस लपवलेला नाही, तोच पुढे येऊन बसला आहे. पण ती पाहून 'नैसर्गिक' हा शब्द किती सैल आहे तेही कळते. लाखेसाठी असंख्य किडे मरतात, आणि भुसा धरून ठेवते ते रक्त. निसर्गातून आले म्हणजे कुणाला इजा न होता आले, असे नव्हे.

सरसाला सगळ्यात सरस उत्तर बहुधा अळंबीने दिले आहे. २०१४च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या क्वीन्समधल्या शाखेच्या अंगणात डेव्हिड बेंजामिन ह्या वास्तुशिल्पकाराने 'हाय-फाय' नावाचा मनोरा उभा केला. सुमारे १०,००० विटा, उंची सुमारे १२ मीटर. मक्याच्या ताटांचा भुगा साच्यात भरून त्यात अळंबीचे तंतू वाढू द्यायचे, ते काही दिवसांत भुगा घट्ट विणून टाकतात. वर कुठले रसायन लागत नाही. भर आणि सरस दोन्ही मातीतून आले, आणि उन्हाळा संपल्यावर विटांचे खत करण्यात आले. माझ्या प्रश्नाला इतके स्वच्छ उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले नाही.

तरी एक गोष्ट विसरू नये. तो मनोरा एका उन्हाळ्यापुरता होता. त्यावर छप्पर नव्हते, त्यात कोणी राहणार नव्हते. जे पटकन मातीत जाते ते फार टिकत नाही, आणि जे टिकते ते मातीत जात नाही. म्हणून वस्तू किती काळासाठी आहे हे आधी ठरवायला हवे. टीव्हीच्या खोक्यातला पांढरा थर्मोकोल आठवडाभराच्या कामाचा असतो. त्याच्या जागी अळंबी अगदी योग्य, आणि अमेरिकेत तसे वेष्टन तयारही होते. घराच्या भिंतीला तोच नियम लावता येणार नाही.

आता आपल्याजवळ येऊ, याम हामेलाहच्या काठी. एरेझ नेवी पाना हा इस्राएली डिझाइनर आहे. त्याने स्वतःवर एक बंधन घालून घेतले, वस्तूत प्राण्यापासून आलेले काहीही वापरायचे नाही. कातडे, लोकर, रेशीम सोडणे सोपे. अडचण येते ती सरसाशी, कारण सुताराचा जुना सरसच मुळी हाडांचा. तेव्हा त्याने लाकडाचे सांगाडे केले, त्यांवर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी चढवली, ज्या जाळीने आपण लहानपणी अंग घासत होतो तीच, आणि ते मृत समुद्राच्या पाण्यात बुडवले. त्या पाण्यात सुमारे ३४ टक्के क्षार. जाळीच्या धाग्याधाग्यावर मिठाचे खडे बसत गेले आणि पांढरीशुभ्र स्टुले बाहेर आली. मिलानमध्ये २०१८ साली ती मांडली गेली आणि त्यांचे नाव झाले.

मी ती छायाचित्रांत पाहिली आहेत आणि ती विसरता येत नाहीत. इथे भर कुठली आणि सरस कुठला हे वेगळे सांगताच येत नाही. मीठच अंग आहे आणि मीठच बंध आहे. शिवाय हे मीठ कुठून जास्त झाले, ह्या प्रश्नाकडेही त्याने लक्ष वेधले. दिमोनाच्या वाचकांना ते माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. कारखाने पाणी दक्षिणेच्या तळ्यांत घेतात, ते आटवून पोटॅश काढतात, आणि साधे मीठ तळाशी बसते. वर्षाला सुमारे २ कोटी टन. तळ्याचा तळ त्यामुळे वर्षाला सुमारे २० सेंटिमीटर वर येतो आणि पाणी एन बोकेकच्या हॉटेलांच्या पायाशी पोहोचते. तिकडे उत्तरेला मात्र खरा समुद्र दर वर्षी एक मीटरहून अधिक खाली जातो, कारण यार्देनचे पाणी वरच अडवले जाते आणि दोन्ही काठांचे कारखाने उपसा करतात. एकाच समुद्राचे एक टोक बुडते आहे, दुसरे सुकते आहे.

ह्या २ कोटी टनांसमोर चार-सहा स्टुले कुठे? कोकणच्या माणसाला आणखी एक शंका येणारच. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. अश्दोदच्या किंवा तेल अवीवच्या दमट हवेत त्या स्टुलाचे काय होईल? ओल्या कपड्याने ते पुसायचे कसे? सिगालित लांदाऊ ही आपली शिल्पकार त्याच पाण्यात कितीतरी वर्षे वस्तू बुडवते आहे. हाना रोविना हिने 'दिबुक' नाटकात घातलेल्या काळ्या झग्याची प्रतिकृती तिने २०१४ साली बुडवली आणि तो मिठाने पांढरा होताना छायाचित्रे काढली. तो झगा कोणी घालणार नाही, आणि घालावा असे ती म्हणतही नाही. नेवी पाना मात्र आपल्या वस्तूला स्टूल म्हणतो. स्टूल म्हटले की बसायचे कसे हे विचारण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. त्याचे काम साक्षीदाराचे आहे आणि साक्ष म्हणून ती फार मोठी आहे. उपाय म्हणून कोणी ती पुढे केली तर मी मानणार नाही.

उपाय म्हणून जे पुढे येते ते नेगेवमधल्याच दुसऱ्या ठिकाणी. किबुत्झ त्झेएलिमजवळ यूबीक्यू ही कंपनी घरगुती कचरा न निवडता घेते. उरलेले अन्न, कागद, प्लास्टिक सगळे एकत्र. त्यावर प्रक्रिया करून ती प्लास्टिकसारखे दाणे करते आणि त्या दाण्यांचे ट्रे, पेट्या, फर्निचर होते. आपल्या देशात बहुतेक कचरा आजही पुरला जातो. लोद-रामलेहून तेल अवीवला जाताना हिरियाचा डोंगर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. १९५२ ते १९९८ एवढ्या वर्षांच्या कचऱ्याने तो सुमारे ६० मीटर उंच झाला. तसा दुसरा डोंगर होऊ नये म्हणून कोणी कचरा वापरत असेल तर त्याला नाके मुरडणे मला शोभणार नाही. इथे प्रमाणही खरे आहे, काम स्टुलांचे नसून टनांचे आहे.

पण सरसाचा प्रश्न इथे सर्वांत अवघड होतो. इथे सगळेच सगळ्यात मिसळते. बटाट्याची साल खत होऊ शकली असती, ती आता ट्रेमध्ये कायमची बंद झाली. कागद पुन्हा कागद झाला असता, तोही गेला. कंपनी म्हणते की हा पदार्थ पुन्हा वितळवून वापरता येतो. वापरता येईल, पण त्याच जातीच्या पदार्थासाठी. शिवाय निवडल्याशिवाय कचरा घेणारा कोणीतरी आहे असे कळल्यावर घरात निवडण्याची सवय लागेल का? मुलांना वर्गात वेगवेगळ्या डब्यांची ओळख करून देणाऱ्या शिक्षिकेला हे विचारावेच लागते. म्हणून माझे मत असे, की जे निवडता येत नाही त्याच्यासाठी हा उपाय चांगला. जे निवडता येते त्याच्यासाठी नव्हे.

आता मला एक सूचना करायची आहे. जानेवारी २०२० पासून आपल्या देशात खाण्याच्या पाकिटांवर लाल गोल खुणा आल्या आहेत. साखर जास्त, सोडियम जास्त, चरबी जास्त. कारखानदारांना ते आवडले नसेल, पण मधुमेह असलेल्या आपल्या बायका सुपरमार्केटमध्ये चष्मा वर करून त्या खुणा पाहतात हे मी रोज पाहते. तशीच एक ओळ टाकाऊतून केलेल्या प्रत्येक वस्तूवर छापावी: 'भर अमुक, इतके टक्के, सरस अमुक, इतके टक्के.' खाली आणखी एक ओळ, वापरून झाल्यावर ही वस्तू कोणत्या डब्यात टाकायची. संग्रहालयांनीही आपल्या पाट्यांवर तेच करावे. अळंबीच्या विटेला आणि बोतानिकाच्या भांड्यांना त्या ओळीची भीती वाटणार नाही. लापोसे ती आनंदाने लिहील असे मला वाटते. ज्यांना ती नको असेल त्यांच्या पर्स महाग का, हे मग गिऱ्हाइकालाच विचारता येईल.

तोवर नातवंडांनी पुन्हा मोबाइल पुढे केला तर त्यांचे कौतुक जरूर करा, वस्तूचेही करा, आणि मग त्यांच्याच भाषेत हळूच विचारा, "यफे मेओद. आणि देवेक कशाचा?" मुले हुशार आहेत. उत्तर शोधून आणतील.